भाचा, फूटपट्टी आणि "माझं डोकं आता चालत नाही"

दिवाळीनंतर ताईकडे ठाण्यात कासारवडवलीला गेलो होतो तर भाचा गॅलरीत मोबाईल घेऊन बसलेला, आत ये म्हटलं तरी येईना, शेवटी मीच चहाचा कप घेऊन बाहेर गेलो. खाली घोडबंदर रोडचं ट्रॅफिक नेहमीसारखं ठप्प. दोन मिनिटं गप्प बसला आणि मग म्हणाला, "मामा, माझं डोकं पहिल्यासारखं चालत नाही रे."

अकरावी सायन्सला आहे. दहावीला 94 टक्के होते, पेढे मी पण खाल्लेत. आता म्हणे वाचलेलं राहत नाही, प्रश्न दोनदा वाचावा लागतो, बोलताना साधा शब्द सापडत नाही आणि क्लासच्या टेस्टमध्ये 300 पैकी 71. वर नेटवर शोधून झालेलंच होतं. तिथे कुठेतरी त्याने वाचलं की या वयात मेंदूतलं ग्रे मॅटर, म्हणजे मेंदूपेशींचा करडा भाग, कमी होतं, झालं, पठ्ठ्याने स्वतःचा निकाल लावून टाकला.

गंमत म्हणजे वाचलेलं खोटं नव्हतं. जे गीड नावाच्या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच त्याच मुलांचे काही वर्षांच्या अंतराने एमआरआय काढले होते, 1999 मध्ये ते छापून आलं, आणि त्यात दिसलं की मेंदूच्या पुढच्या भागातलं ग्रे मॅटर साधारण 11-12 वर्षांपर्यंत वाढतं आणि मग खरंच कमी व्हायला लागतं. पण हे कमी होणं म्हणजे झिजणं नाही. टीएमटीने रिकाम्या धावणाऱ्या बसचे रूट बंद करून गर्दीच्या रूटवर जादा गाड्या सोडाव्या तसं काहीसं चालू असतं, पेशींमधली न वापरलेली जोडणी छाटली जाते आणि वापरातल्या तंतूंवर मायलिन नावाचं चरबीचं वेष्टन चढतं, त्याने निरोप कितीतरी पटीने वेगात जातो. हे काम विशीच्या मध्यापर्यंत चालतं. त्यामुळे सोळाव्या वर्षी "माझा मेंदू उतरणीला लागला" म्हणणं म्हणजे मेट्रोचे खांब उभे राहत असताना रस्ता कायमचा बाद झाला म्हणण्यासारखं आहे (आमच्या घोडबंदरवाल्यांना तसं वाटतं खरं, ते सोडा).

तरी मी त्याला "काही नाही होत रे, टेन्शन घेऊ नको" म्हटलं नाही. हे वाक्य मला सोळाव्या वर्षी खूप लोकांनी ऐकवलंय आणि त्याचा शून्य उपयोग झालाय. शिवाय या वयात बुद्धीचे आकडे हलतात, हेही खरं आहे. लंडनमध्ये कॅथी प्राइस यांच्या टीमने 33 मुलांची आयक्यू टेस्ट 2004 मध्ये घेतली आणि तीन-चार वर्षांनी पुन्हा घेतली, तर काहींचे आकडे चांगले 20 पॉइंटपर्यंत हललेले निघाले, काहींचे वर, काहींचे खाली, आणि त्यासोबत मेंदूच्या स्कॅनमध्येही फरक दिसले. भाच्याला हे सांगितल्यावर त्याने "खाली" एवढंच ऐकलं. मी म्हटलं, वर पण गेलेत ना बाबा, तेही त्याच वयात.

मग मी त्याची 30 सेंटिमीटरची फूटपट्टी मागितली.

खेळ साधा आहे. मी पट्टी वरून उभी धरतो, शून्याचा आकडा त्याच्या अंगठा आणि बोटाच्या मधोमध, आणि न सांगता सोडतो, त्याने चिमटीत पकडायची. जितकी खाली घसरेल तितका उशीर. 17 सेंटिमीटरला पकडली तर साधारण 0.19 सेकंद, 24 ला पकडली तर 0.22, हे गणित त्याने स्वतःच करून दाखवलं, अकरावीच्या फिजिक्समधलंच आहे. वीस वेळा केलं. बहुतेक आकडे 17 ते 22 च्या मध्ये, म्हणजे चांगलेच, पण मधेच तीनदा पट्टी त्याच्या बोटांतून सरळ खाली लादीवर. हात हललाच नाही. डोळे उघडे, पट्टीकडेच बघतोय, आणि तरी नाही.

ही जी पट्टी निसटते ना, झोपेवर काम करणारे लोक नेमकं तेच मोजतात. थकलेला मेंदू सगळाच हळू होत नाही, तो मधेमधे क्षणभर गायब होतो. वर्गात गायब झाला की सरांची एक ओळ गेली आणि पुढच्या चार ओळी कळत नाहीत, पेपरात गायब झाला की प्रश्न परत वाचायचा. बाहेरून बघणाऱ्याला आणि आतल्याला पण वाटतं की बुद्धी कमी झाली.

आठवडाभर झोप लिहून ठेव म्हटलं. वहीच्या मागच्या पानावर लिहिली. कॉलेजचं पहिलं लेक्चर सातला म्हणून उठणं साडेपाचला, दुपारी घरी, चार ते साडेआठ नौपाड्यात क्लास, बसमधून लटकत घरी पावणेदहा, जेवण, होमवर्क, मग "फक्त दहा मिनिटं" रील्स, आणि झोप साडेबारा-पाऊण. पाच तास, कधी पावणेपाच. 13 ते 18 वयाला 8 ते 10 तास लागतात.

ताईचं म्हणणं, मग दहाला झोपायला काय होतं. खरंच होत नाही. वयात येताना शरीराचं घड्याळच एक-दोन तास पुढे सरकतं, झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन रात्री उशिरा वाढायला लागतं, जगभरातल्या पोरांचं हेच आहे. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या सरकारी हायस्कूलनी 2016 मध्ये शाळेची वेळ 7:50 वरून 8:45 केली तर पोरं जास्त वेळ जागत बसली नाहीत, त्यांची झोपच रोज सरासरी 34 मिनिटांनी वाढली. आपल्याकडे 2024 मध्ये शासनाने शाळा नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं, पण फक्त चौथीपर्यंत. चांगलंच केलं, पण ज्यांचं घड्याळ मुळात पुढे गेलंय ती मोठी पोरं अंधारात स्टेशन गाठतायत, आणि रविवारी अकरापर्यंत लोळली की आजी आळशी म्हणते.

सगळ्यात वाईट भाग वेगळाच आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात 2003 मध्ये मोठ्या माणसांना लॅबमध्ये ठेवून 14 दिवस रोज 6 तासच झोपू दिलं होतं. दोन आठवड्यांनी त्यांच्या चुका, ती पट्टी निसटण्यासारख्या, रात्रभर अजिबात न झोपलेल्या माणसाइतक्या झाल्या. पण तुम्हाला झोप येतेय का असं विचारलं तर ते म्हणत होते, थोडीशी, विशेष काही नाही. थकलेला मेंदू स्वतःचा थकवा मोजायला पण कच्चाच. म्हणून भाचा शपथेवर सांगत होता की झोपेचा काही संबंध नाही, सवय झालीय.

बाकी दोन-तीन गोष्टी पटकन. दहावीत तो शाळेतल्या साठ पोरांत मोजला जायचा, आता क्लासमध्ये निवडून आलेल्या हुशार पोरांत मोजला जातो, तेव्हा नंबर घसरणं हे पट्टी बदलल्यामुळे पण असतं. "वाचलेलं राहत नाही" याचं अर्धं कारण त्याचा पिवळा हायलाइटर. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिके यांनी कॉलेजच्या मुलांना उतारे दिले, काहींनी पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, 81 विरुद्ध 75 टक्के. आठवड्याने उलटं, वाचणाऱ्यांना 42 टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना 56. पुन्हा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटलं म्हणजे येतंय असं वाटतं, पेपरात मात्र पान कोरं. आणि "मी ढ झालोय का" हा विचार डोक्यात चालू ठेवायला पण जागा लागतेच, गणिताला लागते तीच.

पण प्रत्येकाचं झोपेवर ढकलू नका. शेजारच्या विंगमधली बारावीची मुलगी सात-साडेसात तास झोपायची आणि तरी डोकं जड, जिना चढताना धाप, तिचं रक्त तपासल्यावर हिमोग्लोबिन 9 निघालं. यात नवल काही नाही, 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59 टक्के अ‍ॅनिमिक होत्या. लोह मेंदूला डोपामिन (मेंदूतलं निरोप पोचवणारं एक रसायन) बनवायला पण लागतं, आणि बाल्टिमोरमध्ये 1996 साली हिमोग्लोबिन ठीक पण लोहाचा साठा कमी असलेल्या हायस्कूलच्या मुलींना आठ आठवडे गोळ्या दिल्या तर त्यांचं शब्द पाठ होणं सुधारलं होतं. गोळ्या मनाने सुरू करू नका, आधी डॉक्टर आणि तपासणी, पण चहामुळे जेवणातलं लोह कमी अंगी लागतं, तेव्हा जेवणावर लगेच चहा पिणं तर आजच बंद करता येतं. आणि दोन आठवडे सलग कशातच मन लागत नसेल, आवडीच्या गोष्टी पण नकोशा झाल्या असतील, जगणं नको वाटत असेल तर तो अभ्यासाचा प्रश्नच नाही, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात.

भाच्याने काय केलं तर फोन रात्री अकराला हॉलमध्ये चार्जिंगला, होमवर्क अर्धं बसमध्ये, आणि शुक्रवारचा एक क्लास सोडला, ज्यावरून घरात दोन दिवस अबोला. साडेसहा तासांवर आलाय, आठ अजून लांब आहेत. तीन आठवड्यांनी पुन्हा पट्टी सोडली, वीसपैकी एकदाच निसटली. आता सराव झालाय म्हणून पण असेल, एका पोरावरून मी काही सिद्ध करत नाहीये. टेस्टचे मार्क 71 चे 88 झाले, त्यावर तो खूश नाही.

मग म्हणाला, मामा आता तुझा नंबर. 24, 26, 23, आणि चौथ्यांदा पट्टी माझ्या पायावर. आदल्या रात्री दीड वाजेपर्यंत बसून मी हाच लेख लिहीत होतो.