कांजी शिकण्यासाठी ऑगमेंटेड रिॲलिटी

फोनच्या कॅमेऱ्यातून दिसणाऱ्या दृश्यावर अक्षराचा उच्चार, अर्थ किंवा लेखनक्रम चढवून जपानी लिपी शिकण्याची पद्धत. हिरागाना व काताकाना या जपानीच्या उच्चारदर्शक लिप्या; त्यांची मूळ अक्षरे प्रत्येकी ४६. ती लवकर पाठ होतात. कस लागतो तो कांजींशी, म्हणजे चिनी लिपीतून आलेल्या अर्थवाही अक्षरांशी. २०१० च्या सरकारी यादीत नित्य वापरातील २,१३६ कांजी आहेत आणि त्यांतील बहुतेकींना एकाहून अधिक उच्चार आहेत.

संशोधक हिरोकाझु कातो यांच्या १९९९ मधील एआरटूलकिट या ऑगमेंटेड रिॲलिटी प्रणालीत काळ्या चौकटीचे छापील चिन्ह कॅमेऱ्यासमोर धरले की त्यावर आकृती उभी राही. त्यातील एका नमुना-चिन्हावर ‘कांजी’ हाच शब्द जपानीत छापलेला होता. आताची ॲप रस्त्यावरची पाटीच वाचतात. हे काम अवघड आहे, कारण जपानीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत आणि मजकूर उभाही लिहितात. स्टेशनातील ‘देगुचि’ (बाहेर जाण्याचा मार्ग) ही पाटी घ्या. तिचे दुसरे अक्षर म्हणजे नुसता चौकोन, अर्थ ‘तोंड’. काताकानातील ‘रो’ जवळपास असाच दिसतो. कोणता चौकोन कुठला, हे शेजारच्या अक्षरांवरूनच ठरते. हीच कांजी एकटी असताना ‘कुचि’, इथे ‘गुचि’ आणि लोकसंख्या या अर्थाच्या ‘जिन्को’ शब्दात ‘को’ होते.

२०१७ मध्ये गूगल ट्रान्सलेटच्या कॅमेरा-भाषांतरात जपानी आली. तिथे मूळ अक्षरे झाकून त्यांच्या जागी इंग्रजी मजकूर येतो. प्रवाशाची सोय होते, पण विद्यार्थ्याला शिकायचे असते तेच अक्षर नाहीसे होते. त्याच्यासाठी फुरिगानाची जुनी जपानी रीत अधिक उपयोगी: कांजी जागेवर ठेवायची आणि तिच्या माथ्यावर किंवा बाजूला बारीक हिरागाना अक्षरांत उच्चार द्यायचा.

लेखनक्रम दाखवण्यात मात्र हे तंत्र फार कामाचे आहे. ‘उजवा’ आणि ‘डावा’ या कांजींचा वरचा भाग सारखाच दिसतो, पण ‘उजवा’ तिरक्या फराट्याने सुरू होतो आणि ‘डावा’ आडव्या रेघेने. छापील अक्षरावर एकेक रेघ उमटताना पाहिली की हा फरक चटकन लक्षात येतो. तोमे (रेघ थांबवणे), हाने (टोकाला झटका) आणि हाराइ (फराटा) यांसाठी मात्र कागद-पेन्सिलच हवी. पुण्यातही होणाऱ्या जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेत हाताने लिहावे लागत नाही, त्यामुळे हा सराव सहज मागे पडतो.