खटका बोटाचा, आवाज टेबलाचा

इंदूरच्या जेल रोडवर मेकॅनिकल कीबोर्ड मागितला की दुकानदार खोका उघडतो, चार बटणं खटाखट दाबतो आणि म्हणतो, "आवाज सुनो भिया." गिऱ्हाईकही आवाजावरच भाळतं. पण त्या आवाजात स्विचचा वाटा किती आणि काउंटरच्या काचेचा किती, ते तिथं कळत नाही. आवाज जरा बाजूला ठेवून आधी बोटाला काय जाणवतं ते मोजावं. त्यासाठी दहाची नाणी पुरतात. ती घ्यायला काही दुकानदार अजून कुरकुरतात, त्यामुळे घरात साठलेली असतातच.

या कीबोर्डात प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असतो: एक दांडा, एक स्प्रिंग आणि धातूच्या दोन पट्ट्या. दांडा ठरावीक अंतर खाली गेला की पट्ट्या एकमेकींना टेकतात आणि अक्षर उमटतं. चेरी कंपनीची एमएक्स मालिका १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आली. आज बाजारातले बहुतेक स्विच तिच्याच धाटणीचे असतात आणि रंगावरून ओळखले जातात. रेड स्विच २ मिलिमीटर दाबला की नोंद होते आणि त्याला ४५ सेंटिन्यूटन, म्हणजे सुमारे ४६ ग्रॅम वजनाइतका जोर लागतो. दहाचं नाणं साधारण ७.७ ग्रॅमचं, म्हणजे हिशेब सहा नाण्यांचा.

रेड स्विचवर नाणी एकेक करून हलकेच रचत जा. पहिल्या काही नाण्यांना बटण दाद देत नाही, कारण स्प्रिंग मुळातच थोडी दाबून बसवलेली असते. मग ते बेताबेतानं खाली सरकतं आणि सहाव्याच्या आसपास स्क्रीनवर 'ककककक' अशी रांग लागते. बटण मात्र अर्ध्या वाटेवरच थांबलेलं असतं. स्प्रिंग जितकी दबेल तितका तिचा विरोध वाढतो, हा हुकचा नियम इथं उघड्या डोळ्यांनी दिसतो. ब्लू स्विचची चाल वेगळी. तो एका उंचवट्याशी अडून बसतो आणि आठव्या नाण्याच्या सुमारास एकदम 'खट' करून कोसळतो. उंचवटा ओलांडला की विरोध घटतो, पण वजन तेवढंच राहतं, म्हणून ही घसरण. ब्राउनमध्येही उंचवटा असतो, पण बारीकसा आणि खटक्याविना. माझ्या मते तो ना धड इकडचा ना धड तिकडचा, पण त्याचे चाहते पुष्कळ आहेत.

ब्लूच्या दांड्यावर एक सुटी टोपी असते. दांडा उंचवटा ओलांडतो तेव्हा ही टोपी झटक्यात खाली फेकली जाऊन तळावर आदळते. खटका येतो तो तिचा. पट्ट्या टेकण्याशी त्याची वेळ जवळपास जुळते, म्हणून 'अक्षर लागलं' ही खूण तो बऱ्यापैकी इमानानं देतो. रेडमध्ये अशी खूण नाहीच. २ मिलिमीटरवर अक्षर लागतं ते गुपचूप. आपण ऐकतो तो आवाज ४ मिलिमीटरवर दांडा तळाला आपटल्याचा आणि वर परतताना छताला थडकल्याचा. म्हणजे तो कानावर पडतो तेव्हा अक्षर लागून गेलेलं असतं.

तरीही कान बोटाला फितवतो. फिनलंडच्या वेइक्को यूस्माकी आणि रीटा हारी यांनी १९९८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना तळवे एकमेकांवर चोळायला लावले आणि त्याचाच आवाज हेडफोनमधून ऐकवला. त्यातले तीव्र, उंच स्वर वाढवले की लोकांना आपली कातडी कागदासारखी कोरडी वाटू लागली. कातडी होती तशीच होती. कीबोर्डचा आवाज बदलला की स्विच 'कडक' किंवा 'मऊ' भासतो, त्यामागे हेच असावं.

आता समजा रामबागेतल्या घरात भाचा रात्री अकराला सीपीसीटी या मध्य प्रदेशातल्या संगणक-टंकलेखन परीक्षेसाठी रेमिंग्टन गेल या हिंदी टायपिंगच्या अक्षरमांडणीवर हात बसवतोय आणि पलीकडच्या खोलीत आजी झोपली आहे. भिंती आणि दारं उंच स्वर चांगले अडवतात, खर्जातले तितके नाही. ब्लूचा खटका दाराच्या फटीतून थोडाफार निसटतो, पण आजीची झोप मोडण्यात टेबलाचा धप्प आवाजही भागीदार असतो. बोटाचा धक्का कीबोर्डच्या तळातून फळीत उतरतो आणि लाकडी फळी एवढी मोठी की ती तो धक्का हवेला सहज पोचवते. खाली चौपदरी टॉवेल घातला की फरक लगेच ऐकू येतो. बटणांवरच्या पातळ एबीएस प्लास्टिकच्या टोप्यांऐवजी जाड पीबीटी प्लास्टिकच्या घातल्या तरी आवाज खाली उतरतो. दोन्हींत स्विचला हात लावावा लागत नाही.

एवढ्यानं भागलं नाही तर सायलेंट रेड आहे. त्याच्या दांड्याला दोन्ही टोकांशी रबराची गादी असते. ती जागा खाते म्हणून एकूण चाल ४ ऐवजी ३.७ मिलिमीटर उरते आणि तळाशी बोटाला जरा गुळमुळीत लागतं. भाच्यानं मात्र अधूनमधून बटणांखाली स्विचऐवजी रबर असलेल्या साध्या कीबोर्डवरही सराव करावा, कारण परीक्षा केंद्रावर समोर येईल तो बहुधा तसलाच.