लॅब्रेडॉर पिल्लाची निवड

लॅब्रेडॉर रिट्रीव्हर जातीचे निरोगी, चांगल्या वंशाचे पिल्लू जबाबदार पैदासकाराकडून पारखून घेण्याची पद्धत. या पारखीत पिल्लाहून त्याचे आईबाप महत्त्वाचे ठरतात. या जातीतले गंभीर दोष बहुतांशी आनुवंशिक असून दोन महिन्यांच्या गुटगुटीत पिल्लात ते दिसत नाहीत.

न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांच्या कुत्र्यांपासून एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये ही जात घडली. कुत्र्यांच्या जातींची व वंशावळींची नोंद ठेवणाऱ्या तेथील केनेल क्लब या संस्थेने १९०३ मध्ये तिला मान्यता दिली. भारतीय शहरांत तिला मोठी मागणी आहे आणि बेफिकीर पैदासही त्या मागणीवरच पोसली जाते.

सर्वांत त्रासदायक दोष खुब्याच्या सांध्याचा (हिप डिस्प्लेझिया). उखळीत हाडाचा गोळा नीट बसत नाही, सांधा झिजतो आणि कुत्रा लंगडू लागतो. म्हणून नर-मादीचे मिलन करण्यापूर्वी दोघांच्या खुब्यांचे व कोपरांचे क्ष-किरण चित्रण करतात. ब्रिटिश पद्धतीत प्रत्येक खुब्याला ० ते ५३ गुण देतात. गुण जितके कमी तितका सांधा चांगला. अर्थात हा दोष अनेक जनुकांवर आणि आहार-वजनावरही अवलंबून असल्याने चांगले गुण म्हणजे हमी नव्हे. व्यायामाने कोसळणे (ईआयसी) आणि दृष्टिपटलाचा ऱ्हास (पीआरए-पीआरसीडी) यांचे गणित सोपे आहे. दोन्ही अप्रभावी (रिसेसिव्ह) दोष आहेत, म्हणजे सदोष जनुक आई आणि बाप दोघांकडून आले तरच विकार होतो; त्यामुळे डीएनए चाचणीत आईबापांपैकी एक जरी पूर्ण निर्दोष ठरला, तरी पिल्लांना तो विकार होत नाही. असे अहवाल मागितल्यावर ‘आमच्या कुत्र्यांना कधी काही झालेले नाही’ एवढेच उत्तर मिळाले, तर चाचण्या झालेल्या नाहीत असेच धरावे.

‘पेपरवाले पिल्लू’ म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाकडे नोंदलेले पिल्लू. ही नोंद वंशावळ सांगते, तब्येत सांगत नाही. ग्राहकांची सर्वाधिक गल्लत इथेच होते. जाहिरातींतल्या ‘हेवी बोन’, ‘डबल बोन’ या बिरुदांना जातीच्या मानकात स्थान नाही. मान्य रंग काळा, पिवळा आणि चॉकलेटी हे तीनच; ‘सिल्व्हर’चे जादा पैसे मागणाऱ्यापासून दूर राहावे.

पिल्लांची आई प्रत्यक्ष पाहावी, तीही पिल्ले वाढली त्याच जागी. ती पाहुण्यांना बिचकते की शेपटी हलवत येते, यावरून पिल्लांच्या स्वभावाचा बराच अंदाज येतो. बाप बहुधा दुसऱ्याच्या घरचा असतो. त्याचे अहवाल मिळाले तरी चालते. सुमारे तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांत पिल्लू माणसांना आणि आवाजांना सरावते, त्यामुळे मिक्सर, दारावरची घंटा, मुलांचा गोंगाट यांत वाढलेले पिल्लू कोंडवाड्यातल्या पिल्लाहून नव्या घरी लवकर रुळते.

भारतात २०१७ च्या श्वान प्रजनन व विपणन नियमांनुसार पैदासकाराने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे आवश्यक आहे. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही आणि दीड वर्षाखालील मादीची पैदास करता येत नाही. पिल्लू लहान असतानाच न्यावे म्हणजे लळा लागतो, हा समज चुकीचा आहे. भावंडांशी खेळताना किती जोरात चावायचे हे ते याच काळात शिकते.

जबाबदार पैदासकार स्वतःही ग्राहकाला पारखतो: घरी दिवसभर कोण असते, फिरवणार कोण, वजनावर लक्ष ठेवणार का? शेवटचा प्रश्न रास्तच आहे. अनेक लॅब्रेडॉरमध्ये भूक वाढवणारा पीओएमसी जनुकातील बदल असल्याचे केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले. कुत्रा सांभाळणे न जमल्यास तो परत घेण्याची अट असे पैदासकार बहुधा लेखी देतात.