पिचचे कार्बन तंतू: ताठपणा आला कुठून?

पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत विमानांचे कंपोझिट भाग बनतात, त्यामुळे गोव्यात कार्बन फायबरविषयी बोलणे होते आणि ‘पोलादापेक्षा मजबूत’ हे हटकून ऐकू येते. पण ओढल्यावर न तुटणे वेगळे आणि ओढल्यावर न ताणणे वेगळे. पिचच्या तंतूंचा इतिहास मुख्यतः दुसऱ्या गुणाचा, म्हणजे ताठपणाचा आहे.

कोळशाच्या डांबरातले किंवा पेट्रोलियमच्या गाळातले हलके घटक उडून गेले की तळाशी उरते ते पिच. गुन्मा विद्यापीठाच्या सुगिओ ओतानी यांनी १९६०च्या दशकात त्यातून तंतू काढले; १९७०मध्ये जपानच्या कुरेहा कंपनीने उत्पादन सुरू केले. माल स्वस्त, पण आतले कार्बनचे थर अस्ताव्यस्त.

कलाटणी मिळाली ती कोळशाच्या थरातून. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये तप्त शिलारसाने भाजलेल्या कोळशात टेलर या संशोधकांना सूक्ष्म गोळे दिसले. पिच ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापले की त्यातले चपटे रेणू एकावर एक रचले जातात, द्रवस्फटिकाचे गोळे बनतात आणि ते एकमेकांत मिसळून पुढे कोक, म्हणजे घट्ट कार्बन होतो, हे टेलर आणि त्यांचे सहकारी ब्रूक्स यांनी १९६५मध्ये मांडले. या अवस्थेला मेसोफेज म्हणतात. सासष्टीत सां जुझे दि आरियलच्या भट्टीत भाजला जाणारा पेट्रोलियम कोकही रिफायनरीत याच अवस्थेतून जातो. कोकवाल्यांचे हे ज्ञान तंतूवाल्यांच्या कामी आले, हे मला या सगळ्यात सर्वांत रंजक वाटते.

अमेरिकेत युनियन कार्बाइडच्या लिओनार्ड सिंगर यांनी १९७०च्या सुमारास मेसोफेजचाच धागा ओढला. बारीक छिद्रातून वाहताना रेणूंचे थर धाग्याच्या दिशेने लागतात. पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइलच्या, म्हणजे बहुतेक कार्बन फायबर ज्या कृत्रिम पदार्थापासून बनते त्याच्या, धाग्याला हवेत तापवताना ताणून धरावे लागते. इथे ती शिस्त द्रवातच लागलेली असते. मग हवेत तापवून धागा न वितळेल असा करायचा आणि शेवटी ३,००० अंशांपर्यंत न्यायचा. ताठपणा ९०० गिगापास्कलपर्यंत जातो (गिगापास्कल हे ताठपणा आणि ताण मोजण्याचे एकक). पोलादाचा सुमारे २००. उष्णताही तांब्याहून चांगली वाहते, म्हणून उपग्रहांच्या सांगाड्यांत याला मागणी.

तुटण्याआधी सोसल्या जाणाऱ्या ताणाच्या बाबतीत मात्र पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइलचे उत्तम तंतू ७ गिगापास्कलच्या जवळ पोहोचतात, पिचचे साधारण त्याच्या निम्म्यावर. कारण तीच शिस्त: मोठे, सरळ थर एकमेकांवरून सहज घसरतात आणि भेग अडवायला मध्ये गुंता नसतो. दाबाखाली तर हे तंतू आणखी लवकर हार मानतात.