दुसऱ्यांदा छाती उघडताना

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी सुरू झाली तेव्हा पहिल्या टप्प्यातल्या ८ जिल्ह्यांत सोलापूर होतं. पिवळ्या-केशरी रेशन कार्डावर कुटुंबाला तेव्हा वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार मिळायचे, त्यात बायपासही. त्याआधी यंत्रमागावरच्या कामगाराला बायपास सांगितली, की घरात दागिने मोडायची चर्चा सुरू व्हायची. योजनेच्या पहिल्या वर्षांत जोडलेले ग्राफ्ट, म्हणजे बंद धमनीला वळसा घालून रक्त नेणाऱ्या वाहिन्या, आता दहा वर्षं ओलांडून पुढे गेलेत. आणि पायाच्या शिरेचे ग्राफ्ट दहा वर्षांनी साधारण निम्मेच धड उरतात. ‘पुन्हा करावी लागेल का?’ हा प्रश्न तिथून येतो.

या शिरेची सुरुवात १९६७ सालची. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये रेने फावालोरो या अर्जेंटिनाच्या सर्जननी पायाची शीर वापरून बायपास रूढ केली. शीर भरपूर मिळते, काढायला सोपी. पण धमनीचा दाब सोसायला ती घडलेलीच नसते. छातीच्या आतली मॅमरी धमनी जास्त टिकते. लेनिनग्राडमध्ये वसिली कोलेसोव्ह यांनी १९६४ मध्येच, धडधडत्या हृदयावर, ती जोडली होती. जगाने मात्र तिचं मोल मानलं ते १९८६ मध्ये, फ्लॉइड लूप आणि सहकाऱ्यांनी दहा वर्षांचे निकाल मांडल्यावर.

गंमत अशी, की दुसऱ्या ऑपरेशनमध्ये हीच चांगली धमनी सर्वांत मोठी धास्ती ठरते. शिरा बंद पडलेल्या असतात, मॅमरी मात्र चालू, आणि कधी कधी ती छातीच्या हाडाला आतून चिकटलेली. हाड कापताना करवत जरा खोल गेली, तर हृदयाला रक्त पुरवणारी मुख्य वाटच तुटते. म्हणून आता आधी सीटी स्कॅन करून ती नेमकी कुठे आहे ते पाहतात, आणि गरज वाटल्यास हाड उघडण्यापूर्वीच जांघेतल्या रक्तवाहिन्यांतून हृदय-फुप्फुसांचं काम करणारं हार्ट-लंग मशीन, म्हणजे पंप, जोडून ठेवतात.

पुढे पद्धती वेगळ्या होतात. हृदय थांबवून करायचं, तर चालू मॅमरीला चिमटा लावावा लागतो. नाहीतर तिच्यातून येणारं गरम रक्त हृदय थांबवणारं औषध धुऊन नेतं. पुढून, म्हणजे बंद झालेल्या धमन्यांतून, ते औषध नीट पोचत नाही, म्हणून कोरोनरी सायनसमधून, म्हणजे हृदयाचं वापरलेलं रक्त परत नेणाऱ्या मोठ्या शिरेतून, उलट्या दिशेने देतात. जुन्या शिरांना तर हात लावायचीही भीती. आतला गाळ सुटून पुढे गेला, की टेबलावरच हार्ट अटॅक.

धडधडत्या हृदयावरची पद्धत १९८०च्या दशकात अर्जेंटिनात बेनेट्टी आणि ब्राझीलमध्ये बुफोलो यांनी वाढवली. पुढच्या दशकात हृदयाचा तेवढाच भाग स्थिर धरणारी उपकरणं आली. हृदय थांबवायचंच नसल्याने पंपाची आणि औषध पोचवण्याची कटकट टळते, पण चिकटलेलं हृदय उचलून मागच्या बाजूला पोचणं अवघड. तिसरी वाट डाव्या बरगड्यांतून. फक्त डावीकडच्या मागच्या धमनीचा प्रश्न असेल, तर छातीचं हाड न उघडता खाली जाणाऱ्या महाधमनीवरून ग्राफ्ट घेता येतो. उजवी धमनी मात्र तिथून हाती लागत नाही.

यात सरस कोणती? माझ्या मते प्रश्नच चुकीचा आहे. एकच धमनी जोडायची असलेला रुग्ण बरगड्यांच्या वाटेने जातो, चार जोडायच्या असलेला पंपावर. मग दोघांच्या मृत्युदराची तुलना काय सांगणार? पंप की बिनपंप यावरच्या रूबी (२००९) आणि कोरोनरी (२०१२) या मोठ्या चाचण्याही मुख्यतः पहिल्या बायपासच्या आहेत.

मनमोहन सिंग यांची पहिली बायपास १९९० ची. दुसरी जानेवारी २००९ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये झाली, मुंबईहून गेलेल्या डॉ. रमाकांत पांडा यांच्या चमूकडून. पण अशी ऑपरेशनं कमीच होत गेली, कारण बंद शिरेऐवजी मूळ धमनीतच स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, बसवता येऊ लागला. जोखीम पहिल्यापेक्षा दुप्पट किंवा त्याहून जास्त, त्यामुळे आधी स्टेंटचाच विचार होतो. सोलापुरातून पुण्याला किंवा हैदराबादला दुसरं मत घ्यायला निघणाऱ्याने पिशवीत पहिल्या ऑपरेशनचा कागद टाकावा. कुठली धमनी कुठे जोडली, हे त्यात लिहिलेलं असतं.