आर्मेनियातील अंधाराची व थंडीची वर्षे

सोव्हिएत संघातून बाहेर पडल्यानंतर, साधारणपणे १९९२ ते १९९५ या काळात आर्मेनियाने सोसलेली ऊर्जाटंचाई व आर्थिक पडझड तेथे ‘अंधाराची व थंडीची वर्षे’ या नावाने ओळखली जाते. २१ सप्टेंबर १९९१ च्या सार्वमतात जनतेने जवळजवळ एकमुखाने स्वातंत्र्याचा कौल दिला, तेव्हाच देश खिळखिळा झालेला होता. ७ डिसेंबर १९८८ रोजी स्पिताक परिसरातील भूकंपात सुमारे २५,००० माणसे दगावली होती, आणि पुन्हा तसा धक्का बसेल या धास्तीने मेत्सामोरचे अणुवीज केंद्र १९८९ मध्ये बंद करण्यात आले होते. अझरबैजानमधील आर्मेनियन-बहुल नागोर्नो-काराबाख प्रदेशावरून पेटलेल्या युद्धात अझरबैजानने रेल्वेमार्ग व गॅसवाहिनी रोखली, १९९३ मध्ये तुर्कस्ताननेही सीमा बंद केली. जॉर्जियातून येणारी वाहिनी तेवढी उरली, तीही घातपातांनी वारंवार तुटत असे.

राजधानी येरेवानमध्ये दिवसाकाठी जेमतेम तास-दोन तास वीज मिळे. बहुमजली इमारतींना एकाच केंद्रातून पुरवली जाणारी ऊब बंद पडली, तशा घराघरांत पत्र्याच्या शेगड्या आल्या. त्यांची धुराडी खिडकीतून बाहेर काढलेली असत आणि सरपण म्हणून उद्यानांतील झाडे, फर्निचर, पुस्तके, इतकेच काय, खोलीतील लाकडी फरशीही जाळली गेली. मध्यरात्री वीज आली तरी बायका उठून स्वयंपाक व धुणे उरकून घेत. पाव शिधापत्रिकेवर मिळे. जलविद्युतेसाठी सेवान सरोवराचे पाणी भरमसाट सोडले गेल्याने त्याची पातळीही खालावली.

या हलाखीचे खापर केवळ युद्धावर फोडणे अपुरे ठरेल. येथील कारखाने मुळात संपूर्ण संघाच्या गरजेनुसार उभारलेले होते. कच्चा माल बाहेरून येई, तयार माल बाहेर जाई, त्यामुळे संघ मोडताच कुशल कामगार असूनही ते ठप्प झाले. १९९१ मध्येच सामूहिक शेतांची जमीन कुटुंबांना वाटून दिल्यामुळे अनेकांची उपासमार टळली, ही त्या सरकारची खरी कामगिरी म्हणावी लागेल. मात्र तुकडे लहान होते आणि यंत्रे, खत, इंधन यांची वानवा होती. नोव्हेंबर १९९३ मध्ये द्राम हे स्वतःचे चलन आले, पण भडकलेल्या महागाईने लोकांची आयुष्यभराची बचत कवडीमोल केली. अभियंते व शिक्षक घरातील चीजवस्तू विकू लागले आणि लाखो लोकांनी, मुख्यतः रशियाची, वाट धरली.

मे १९९४ मध्ये युद्धविराम झाला. नोव्हेंबर १९९५ मध्ये मेत्सामोरची दुसरी अणुभट्टी पुन्हा सुरू झाल्यावर वीजपुरवठा पूर्ववत होत गेला. स्थलांतर मात्र त्यानंतरही चालू राहिले.