क्वार्ट्झ आणि सिंटर्ड स्टोन: स्लॅब घेताना आधी कड बघा

इंटिरिअरच्या प्रदर्शनात शेजारशेजारच्या दोन स्टॉलवर अगदी सारखे दिसणारे स्लॅब उभे असतात. पांढरी पार्श्वभूमी, त्यावर राखाडी-सोनेरी शिरा, लांबून बघितलं तर अस्सल संगमरवर. एका स्टॉलवर पाटी असते ‘क्वार्ट्झ’, दुसरीवर ‘सिंटर्ड स्टोन’. दोन्हींबद्दल सांगितलं जातं तेही सारखंच: डाग सहज पडत नाहीत, सीलर (दगडाची छिद्रं बुजवणारा लेप) लावावा लागत नाही, ओरखडे सहज उठत नाहीत. हे खरंही आहे. त्यामुळे ग्राहक रंग बघून निवड करतो, आणि फरक कळतो तो ओटा बसल्यावर.

दगडाच्या व्यापारासाठी वेरोनाचं मार्मोमॅक आणि सिरॅमिकसाठी बोलोन्याचं चेरसाये ही इटलीतली दोन नावाजलेली प्रदर्शनं. आता दोन्हीकडे संगमरवराच्या रूपातले हे मोठे स्लॅब दिसतात, इतकी ही दोन क्षेत्रं एकमेकांत मिसळली आहेत. पण स्लॅब तयार होण्याची रीत मात्र पूर्ण वेगळी आहे.

क्वार्ट्झच्या स्लॅबमध्ये वजनाने साधारण 90 टक्के किंवा त्याहून जास्त दळलेला खनिज क्वार्ट्झ असतो, आणि उरलेल्या भागात मुख्यतः पॉलिएस्टर रेझिन (कण एकत्र बांधणारा प्लास्टिकसारखा पदार्थ) आणि रंग. हे मिश्रण निर्वात जागेत कंपन देऊन दाबतात आणि मग बेताच्या उष्णतेवर रेझिन घट्ट होऊ देतात. इटलीतल्या ब्रेटन कंपनीने हे तंत्र विकसित केलं आणि जगभरच्या अनेक कारखान्यांनी ते घेतलं. सिंटर्ड स्टोनमध्ये रेझिन अजिबात नसतं. माती, फेल्डस्पार, सिलिका आणि खनिज रंग यांची भुकटी प्रचंड दाबाखाली चेपून 1200 अंश सेल्सिअसच्या आसपास भाजतात, तेव्हा कण एकमेकांत वितळून एकजीव होतात. पोर्सिलेन टाइलचंच हे पुढचं, मोठं रूप. (क्वार्ट्झाइट हा तिसराच पदार्थ, खाणीतून निघणारा नैसर्गिक दगड. नाव जवळचं असल्याने स्टॉलवर त्याचीही गल्लत होते.)

पुढचे सगळे फरक या रेझिनपाशी येऊन थांबतात. साधारण 150 अंशांच्या पुढे रेझिनला धोका सुरू होतो, आणि शेगडीवरून उतरवलेला तवा त्याहून बराच तापलेला असतो. तो थेट क्वार्ट्झवर टेकवला तर पिवळट किंवा पांढुरका वण उठू शकतो, जो घासून जात नाही. कधी एकाच जागी अचानक ताप बसल्यामुळे स्लॅबला तडाही जातो. उन्हाचंही तसंच: अतिनील किरणांनी रेझिन हळूहळू पिवळं पडतं, म्हणून गच्ची, बाल्कनी किंवा दिवसभर ऊन येणाऱ्या खिडकीखाली क्वार्ट्झ लावू नये असंच मी म्हणेन. नाली मोकळी करणारी तीव्र रसायनंही त्यापासून लांब ठेवावीत. सिंटर्ड स्टोन मुळात भट्टीतून निघालेला असल्यामुळे ऊन आणि गरम भांडं त्याला सोसतं. बाहेरच्या ओट्यापासून इमारतीच्या दर्शनी भिंतीपर्यंत तो वापरतात तो यामुळेच. भिंतीसाठी 3 किंवा 6 मिलिमीटरचे पातळ स्लॅबही मिळतात. क्वार्ट्झ सहसा 15, 20 किंवा 30 मिलिमीटरचा असतो.

म्हणून सिंटर्ड स्टोन सरसकट चांगला म्हणायचा का? नाही. आता कडेकडे वळा.

स्टॉलवर कापलेला तुकडा मागा आणि तो आडवा धरा. क्वार्ट्झमध्ये रंग सहसा आरपार असतो, त्यामुळे कडेला गोलाई दिली तरी ती वरच्या पृष्ठभागासारखीच दिसते. सिंटर्ड स्टोनच्या बहुतेक स्लॅबमध्ये शिरा डिजिटल छपाईने फक्त वरच्या थरात उतरवलेल्या असतात. कड कापली की आतला सपाट, एकरंगी गाभा उघडा पडतो. म्हणून कारागीर दोन पट्ट्या 45 अंशांत कापून मायटर जोड करतात. तो नीट जमला तर सुंदर दिसतो, पण त्याला तयार हात लागतो. आरपार शिरांचे सिंटर्ड स्लॅब आले आहेत आणि छापील क्वार्ट्झही येऊ लागला आहे, त्यामुळे पाटीवर विसंबू नका, तुकडाच बघा.

हीच कड सिंटर्ड स्टोनची नाजूक जागा आहे. पृष्ठभाग कठीण, पण जड भांडं नेमकं कडेवर आपटलं तर टवका उडतो. क्वार्ट्झचा टवका रंग जुळवलेल्या रेझिनने बऱ्यापैकी झाकता येतो. छापील शिरेतून उडालेला टवका मात्र डोळ्यांना खुपत राहतो. शिवाय या स्लॅबमध्ये भाजताना आतला ताण राहिलेला असतो. जाणता फॅब्रिकेटर (स्लॅब कापून बसवणारा कारागीर) म्हणूनच आधी चारी बाजूंच्या पट्ट्या कापून तो मोकळा करतो, सिंकच्या खाचेचे कोपरे काटकोनात न कापता गोल ठेवतो, आणि 12 मिलिमीटरच्या स्लॅबखाली सलग आधार देतो. असा माणूस मिळणार नसेल तर घरातल्या साध्या ओट्यासाठी मी क्वार्ट्झच सुचवेन. गरम भांड्याखाली स्टँड ठेवायची सवय लावून घेतली की तो छान टिकतो.

आता धूळ. हा मुद्दा स्टॉलवर क्वचितच निघतो, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. क्वार्ट्झ कोरडा कापला की स्फटिकी सिलिकाची अतिसूक्ष्म धूळ उडते. ती फुप्फुसांत साचून सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. तरुण कारागीर त्याला बळी पडू लागले, म्हणून ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून इंजिनिअर्ड स्टोनच्या, म्हणजे क्वार्ट्झसारख्या रेझिनने बांधलेल्या कृत्रिम दगडाच्या, स्लॅबवर बंदी घातली. रेझिन नसलेला सिंटर्ड स्टोन आणि पोर्सिलेन त्या बंदीतून वगळले आहेत. त्यानंतर कमी सिलिकाचे क्वार्ट्झ-पर्याय बाजारात जास्त दिसू लागले आहेत, तेव्हा सिलिकाचं प्रमाण किती हे जरूर विचारा. सिंटर्ड स्टोनमध्ये सिलिका कमी असली तरी असतेच, म्हणून दोन्हींचं कटिंग पाणी सोडून, वर्कशॉपमध्येच झालं पाहिजे. घरी ग्राइंडरने कोरडं कापायची वेळ बहुधा मापं उशिरा ठरल्यामुळे येते. सिंक, शेगडी आणि नळ आधी विकत घ्या आणि त्यांची मापं स्लॅब कापायला जाण्यापूर्वी फॅब्रिकेटरच्या हातात द्या.